घरात कोण राहतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, ग्वारीघाटावर हात जोडून उभी राहते तेव्हा नर्मदेलाही नाही — आणि तिच्यापासून इथे कोण काय लपवतं? आता लिहून काढतेय ते मराठीत, कारण रांझीच्या या गल्लीत मराठी वाचणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. कागद टेबलावर उघडा पडला तरी भीती नाही. बघा, कबुली द्यायला बसले तरी आधी आडोसा शोधला. स्वभावच तसा आहे माझा.

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. मराठी वाचता, एवढं पुरे. माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस भेटून खूप काळ लोटला — आणि ते का, हेच तर सांगायचं आहे.

गोष्ट सुरू होते घरपट्टीपासून. हसू नका. माणूस पाप करायला काही डोंगरावर जात नाही, घरपट्टीतही करतो. इथे तिला संपत्तिकर म्हणतात, आणि त्याची एक गंमत आहे. घर किती मोठं, कुठल्या भागात, पक्कं की कच्चं, आणि त्यात कोण राहतं, हे मालकानेच सांगायचं असतं. मालक स्वतः राहत असेल तर निम्मी सूट. जेवढा भाग भाड्याने दिला असेल तेवढ्याला सूट नाही. म्हणजे सरकार दर वर्षी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतं — घरात कोण राहतं? आणि तुम्ही सांगाल ते खरं धरून चालतं. मधूनच कधीतरी तपासायला माणूस येतो, आणि खोटं सापडलं तर फरकाच्या कितीतरी पट दंड बसतो.

त्यामुळे तपासणीच्या दिवशी आमच्या गल्लीतून भाडेकरू नावाची जातच नाहीशी होते. सगळे भाचे, पुतणे, मावसभाऊ. समोरच्या घरात एकदा एक केरळी कुटुंब एका सरदारजींचं सासर झालं होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नाती मिटतात, भाडं सुरू राहतं.

आमचं घर यांनी बांधलं, इथल्या सरकारी फॅक्टरीतल्या नोकरीच्या जोरावर. मीही केंद्र सरकारच्या कार्यालयात कारकून होते, तेव्हा खाऊनपिऊन सुखी होतो. मागे एक खोली होती, वेगळ्या दाराची. तिथे गिरजा राहायला आली. दमोहकडची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. रिछाईत एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम करायची. संध्याकाळी परतली की तिच्या मागोमाग धण्याचा वास अंगणात यायचा. भाडं वेळेवर, आवाज नाही, पाहुणे नाहीत. याहून चांगला भाडेकरू कोणाला मिळतो?

आणि तपासणी येणार अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. खरं सांगून टाकलं असतं तर किती फरक पडला असता? वर्षाकाठी एका बऱ्या साडीइतका. पण मी — चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं माझे सासरेच माझ्याबद्दल म्हणायचे, आणि ते लाडाने म्हणत असत असं मी लोकांना सांगायची. मी ठरवलं, गिरजा यांची बहीण. यांना सख्खी बहीण नव्हतीच, जागा रिकामी होती. अडचण एकच. आमचं आडनाव ऐकून तपासणारा म्हणणार, मराठी लोक घरात मराठी बोलतात, बहीण का बोलत नाही? मग मी तिला एक वाक्य पाठ करायला लावलं. गिरजाची गिरिजा केली आणि वाक्य दिलं — वहिनी, चहा ठेवू का?

हे म्हणाले, "तू काहून त्या बिचारीला नाटकात ओढून राहिली? भरू ना काय ते."

मी ऐकलं नाही. गिरजाही कचरत होती. नर्मदेच्या काठी राहून खोटं कसं बोलायचं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तू कुठे खोटं बोलतेस, तू तर फक्त चहाचं विचारायचं. कारकुनाची बुद्धी, दुसरं काय.

तपासणारा आला. वही उघडून ओसरीवर बसला. गिरजा स्वयंपाकघराच्या दारात आली, पदर नीट केला, आणि एकेक शब्द मोजून टाकावा तसं म्हणाली — वहिनी, चहा ठेवू का? मी म्हटलं, ठेव गं. तो चहा प्यायला, मालक, पत्नी, मालकाची बहीण असं लिहून घेतलं, आणि गेला. आम्ही दोघी नंतर ओट्याला टेकून पोट दुखेपर्यंत हसलो. तेवढी मी त्याआधी कधी हसले होते, आठवत नाही.

हे इथेच संपायला हवं होतं, जसं गल्लीत सगळ्यांचं संपतं. पण गिरजा गल्लीतल्यांसारखी नव्हती. त्या वर्षीच्या राखीला ती ताट घेऊन पुढच्या दाराने आली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "झूठ बोल दिया है ना भाभी, अब सच तो करना पड़ेगा।"

तिच्या लेखी तो हिशोब अगदी सरळ होता. खोटं बोललोय, आता ते खरं करून टाकायचं, म्हणजे पाप उरत नाही. हे तिचं तत्त्व तेव्हा मला गोड वाटलं. त्याला दुसरी बाजू असते हे मला नंतर कळलं.

यांनी हात पुढे केला. राखी झाली, मग दिवाळीत भाऊबीज झाली, मग दर वर्षी झाली. ती भाभी म्हणायची सोडून वहिनी म्हणू लागली. एका वाक्याची चार झाली, चाराची चाळीस. तिचं मराठी म्हणजे अर्धं बुंदेली, उरलेलं आमच्या घरचं नागपुरी वळणाचं — "वहिनी, तुम्ही बसा, मी मेथी निवडून राहिली." निखिल, माझा मुलगा, तोवर गुडगावला गेला होता. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदी. त्याच्या मुलांना कळतही नाही. आणि इथे दमोहची ही बाई माझ्याशी मराठीत भांडायची, वांग्यात गूळ काहून टाकता म्हणून.

भाडं? घेत होते की. दर महिन्याला घेत होते. नणंदेकडून भाडं घेणारी वहिनी तुम्ही ऐकली आहे का? यांनी दोनतीनदा सुचवलं, राहू दे आता. मी म्हणायची, तिलाच वाईट वाटेल, स्वाभिमानी आहे. मी तिला विचारलं नव्हतं.

मग हे गेले. फार आजारी नव्हते, थंडीत छाती भरली आणि गेले. त्या दिवसांत गिरजाने मला उभं ठेवलं, दुसरा शब्द नाही. कामावर खाडे केले, माझ्या खोलीत जमिनीवर झोपली. निखिल आला, तेरावा करून गेला. त्यानंतर घरात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो, आणि त्यातली एक मी. संध्याकाळी ती कारखान्यातून यायची, हातपाय धुवायची आणि दारातून विचारायची — वहिनी, चहा ठेवू का? दिवसभर मी त्या वाक्याची वाट बघायची. हे तिला मी कधी सांगितलं नाही.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो. पण थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

घर यांच्या नावावर होतं. महापालिकेत माझं नाव चढवायचं होतं, त्यासाठी वॉर्डात शिबिर लागणार होतं. आदल्या दिवशी निखिलचा फोन आला. सहज बोलता बोलता मी त्याला ती जुनी तपासणीची गोष्ट सांगितली, हसवायला म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, "मम्मी, आपने सरकारी काग़ज़ पर उनको पापा की बहन लिखवा रखा है? कल को हिस्सा माँग लिया तो?"

मी म्हटलं, ती तसली नाही. तो म्हणाला, तसली कोणीच नसते, मागेपर्यंत.

फोन ठेवला आणि गिरजा चहा घेऊन आली. रोजच्यासारखी. मी पहिल्यांदा तिच्याकडे बघून विचार केला — ही यांना भाऊ का म्हणत आली इतकी वर्षं? कशासाठी? ज्या बाईला मी स्वतःच्या तोंडाने नणंद बनवलं होतं, तिच्यावर नणंद झाल्याचा संशय घेत होते. चहा प्यायले. चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शिबिराला आली. मी एकटी जाऊ नये म्हणून. माझी पिशवी तिच्या हातात होती. टेबलामागच्या तरुण बाबूने तपासणीची जुनी नोंद काढून पाहिली आणि अगदी अदबीने म्हणाला, मालकाची बहीणही घरात राहते असं दिसतंय, तर त्यांचीही संमती घेऊन टाकू, पुढे भानगड नको. आणि तो गिरजाकडे बघून हसला. गिरजाही हसली, पुढे झाली. अंगठा की सही, असं विचारायला तोंड उघडलं तिने — सही करायला ती शिकली होती, यांनीच शिकवली होती.

मी म्हणाले, ही बहीण नाही. तेव्हा लिहिणाऱ्याची चूक झाली असेल.

बाबू म्हणाला, मग भाडेकरू आहे का?

आता बघा मी कुठे उभी होते. बहीण म्हणावं तर घरात वाटेकरी. भाडेकरू म्हणावं तर इतक्या वर्षांची चोरी उघडी, वर दंड. दोन्ही दारं मीच बांधलेली, दोन्ही मीच लावून घेतलेली. तरी तिसरं दार मला किती चटकन सापडलं. क्षणभरही लागला नाही. मी म्हणाले, "काम करती है हमारे यहाँ। पीछे रहती है।"

बाबूने खात्री करायची म्हणून तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्यानेही नाही. तपासणीच्या दिवशी वाक्य म्हणण्याआधी पाहिलं होतं तसंच, की हेच म्हणायचं ना? मी मान खाली घातली नाही. हलवली. हो म्हणून.

ती म्हणाली, "हाँ साहब। काम करते हैं।"

माझं काम झालं. परतताना ई-रिक्षात ती माझ्या शेजारी बसली नाही, समोरच्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर होती, ती दोन्ही हातांनी धरलेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. सगळा रस्ता होता बोलायला. मी उन्हाबद्दल बोलले.

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. मलाही बरेच दिवस तसं वाटून घ्यायला आवडायचं — घाबरले, तोंडून निघून गेलं, बाईमाणूस, नुकताच नवरा गेलेला. पण खरा अपराध दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला.

भांड्यांच्या आवाजाने जाग आली. वाटलं, कामवाली लवकर आली. उठून पाहते तर मोरीत गिरजा. पदर खोचलेला, कढई घासत होती. मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, बर्तन हो गए। झाड़ू लगा दूँ?"

दीदी. हिंदीत. मला त्याच क्षणी सगळं समजलं. खोटं बोलून झालं होतं, आता ती ते खरं करत होती. पहिल्या वेळी राखी आणली होती, या वेळी झाडू घेतला. तिला माझा सूड घ्यायचा नव्हता — असता तर मी आज बरी झोपले असते. तिला फक्त नर्मदेच्या काठी खोट्यात राहायचं नव्हतं.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. हात धरून उठवायचं. गिरिजा, वेडी की काय तू, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर होतं, खोटं नाही सांगत. आणि मी म्हणाले, "कोने में भी मार देना।"

का? इतकी वर्षं झाली, मी या का भोवती फिरतेय. लाज वाटली म्हणून? तिला उठवलं असतं तर काल जे केलं ते मान्य करावं लागलं असतं, म्हणून? की — आणि हे लिहिताना मला माझीच किळस येते — की भांडी चांगली घासली होती, म्हणून?

कारण मी थांबले नाही. काही दिवसांनी मी आमच्या कामवालीला काढून टाकलं. पेन्शन पुरत नाही म्हणाले. गिरजा पहाटे भांडी-झाडू करायची, मग बसने रिछाईला जायची, संध्याकाळी येऊन कपडे धुवायची. महिन्याच्या सुरुवातीला भाडं ओट्यावर आणून ठेवायची. आणि मी ते उचलायची. दोन्ही घेत होते, कळतंय ना तुम्हाला? काम आणि भाडं, दोन्ही. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. चहाचं ती अजूनही विचारायची, दारातून नाही, उंबऱ्याबाहेरून. दीदी, चाय बना दूँ? माझ्याशी तिने त्यानंतर मराठीचा एक शब्द काढला नाही. आणि मला त्या वाक्याची इतकी सवय होती की हिंदीतूनही मी त्याची वाटच बघायची.

दिवाळी आली. तिने सगळं घर धुऊन काढलं, यांचा फोटोही पुसला. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. ती अंगणात आली, नवी नाही पण धुतलेली साडी, हातात ताट. ज्या बाईला भाऊ नाही तिने बीजेच्या चंद्राला ओवाळायचं, हे आमच्यातलं तिला मीच एकदा गप्पांत सांगितलं होतं. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, घरांच्या मागे बुडत चालली होती. गिरजाने टाचा उंच करून तिला ओवाळलं. माझ्याशी नातं संपलं होतं तिचं. यांच्याशी नव्हतं. खिडकीत मी रडले, जोरात रडले. अंगण किती दूर होतं? कडी काढली की अंगण. मी कडी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन पुढच्या दाराशी आली. किल्ली दिली. म्हणाली, "हमसे कोई गलती हुई हो तो माफ करना, दीदी।" काम सोडणाऱ्या बायका जाताना हेच म्हणतात इथे, ठरलेलं वाक्य आहे. शेवटपर्यंत तिने कामवालीचं नातं नीट निभावलं. मी म्हणाले, ठीक है.

गल्लीत मी सांगितलं, पुतण्याकडे गेली दमोहला, फार आग्रह होता त्याचा. तिला पुतण्या आहे की नाही हेही मला माहीत नाही. मी शोधलं नाही. रिछाईला बस जाते, कारखान्याचं फाटक मला ठाऊक होतं, तरी गेले नाही. घाटावर जाते तेव्हा दिवे सोडणाऱ्या बायकांकडे बघत नाही, न जाणो त्यात असली तर.

पुढे एकदा यांच्या मित्राच्या मुलाने, तो वकील आहे, बोलता बोलता सांगितलं की बायको आणि मुलगा असताना बहिणीला वाटा मिळतच नाही. खरी बहीण असती तरी नाही. म्हणजे भीतीलाही पाया नव्हता. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. पाया असता तरी मी तेच केलं असतं.

निखिल म्हणतो, मागची खोली भाड्याने द्या, सोबत होईल. मी देत नाही. गंज चढू नये म्हणून अधूनमधून कुलूप फिरवते, एवढंच.

या वर्षी पुन्हा तपासणी झाली. आता वही नसते, मोबाईल असतो. तपासायला आलेला मुलगा चुणचुणीत होता. विचारलं, घर में कौन-कौन रहता है? मी म्हणाले, मी एकटी. तो म्हणाला, कोई रिश्तेदार? नाही. किराएदार? नाही. कामवाली? मी म्हणाले, कोणी नाही. मागची खोली उघडून दाखवली. तिथे एक खिळा होता भिंतीत आणि कोपऱ्यात अजून किंचित धण्याचा वास होता, किंवा मला आला. त्याने फोटो काढला. ऊन होतं, घाम पुसत होता बिचारा. माझ्या तोंडून सहज मराठीतच निघून गेलं — चहा ठेवू का?

तो म्हणाला, "जी?"

मी म्हणाले, कुछ नहीं.

तो गेला. पूर्ण घराला निम्मी सूट मिळाली. मी त्याला सांगितलेलं सगळं खरं होतं.